ध्रुवप्रदेशात गेल्यावर हवामानबदल डोळ्यांना दिसतो का?

नाशिकच्या एका भूगोलाच्या शिक्षिकेनं हा प्रश्न विचारला आहे. त्या आणि त्यांचे यजमान येत्या जुलैमध्ये नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकमध्ये असलेल्या स्वालबार्ड या द्वीपसमूहाला जहाजाच्या सहलीनं जाणार आहेत. तिथं हवामानबदल प्रत्यक्ष दिसेल का, परत येऊन वर्गात मुलांना काय सांगावं, आणि एवढ्यासाठी इतका लांबचा विमानप्रवास करणं बरोबर आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी समुद्रविज्ञानातला. स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्यावर काँग्सफ्योर्ड नावाची खाडी आहे. तिच्या पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र याच खाडीच्या काठी, नी-ऑलेसुंड या वस्तीत २००८ पासून आहे, आणि त्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. त्या अनुभवावरून सांगतो: जुलैत जाऊन नुसत्या डोळ्यांनी तुम्हाला हवामानबदल फारसा दिसणार नाही. जे दिसेल आणि ज्यानं काळजात धस्स होईल, त्यातलं बरंचसं शंभर वर्षांपूर्वीच्या जुलैतही दिसलंच असतं. खरा बदल हिवाळ्यात झाला आहे, पाण्याखाली झाला आहे आणि वर्षानुवर्षांच्या नोंदींमध्ये साठला आहे. पर्यटक यांतलं काहीच पाहत नाहीत. मात्र कुठं आणि कसं पाहायचं हे आधी कळलं, तर दहा दिवसांतही पुष्कळ शिकता येतं.

सगळ्यात जास्त फोटो निघतात त्या दृश्यापासून सुरुवात करू. जहाज समुद्राला मिळणाऱ्या हिमनदीसमोर उभं राहतं, निळसर कड्याचा एक भाग सुटतो, तोफेसारखा आवाज होतो आणि बर्फ पाण्यात कोसळतो. डेकवर कुणीतरी हमखास म्हणतं, "बघा, ग्लोबल वॉर्मिंग!" पण समुद्राला मिळणारी हिमनदी वरून पुढे सरकत असते आणि टोकाला तुटत असते, हा तिचा स्वभावच आहे. वरून जेवढा बर्फ येतो तेवढाच तुटला, तर कडा जागच्या जागी राहतो. तुटणं किती आणि येणं किती, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर एका दुपारी मिळत नाही.

बरं, कडा मागे हटलेला दिसला म्हणजे काम झालं, असंही नाही. स्वालबार्डमधल्या अनेक हिमनद्यांना अधूनमधून उसळी येते. दशकानुदशकं मंद असलेली हिमनदी तळाशी पाणी आणि दाब साठल्यावर एकाएकी वेगानं पुढे धावते, काही वर्षांनी पुन्हा मंदावते आणि मागे हटू लागते. ही उसळी बर्फाच्या आतल्या घडामोडींमुळे येते. त्या वर्षीच्या हवामानाशी तिचा थेट संबंध नसतो. काँग्सफ्योर्डच्या उत्तरेकडची ब्लॉमस्ट्रँडब्रेन ही अशीच हिमनदी, २०१० च्या आसपास ती अशीच पुढे आली होती. तिचा जुना एक आणि नवा एक फोटो शेजारी ठेवून 'पुरावा' म्हणणाऱ्याला जाणकार सहज गप्प करू शकतो. मुलांना असे जोडफोटो दाखवाल तेव्हा हे जरूर सांगा.

पण याच हिमनदीपाशी एक अशी गोष्ट आहे जी उसळीच्या हिशेबात बसत नाही. तिच्यासमोरचा ब्लॉमस्ट्रँडहाल्वया हा भूभाग जुन्या नकाशांत द्वीपकल्प म्हणून दाखवलेला असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका इंग्रज उद्योजकानं तिथं संगमरवराची खाण काढली, तिची गंजलेली यंत्रं अजून पडून आहेत, तेव्हाही ते द्वीपकल्पच मानलं जात होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्फ मागे हटला आणि कळलं की ते बेट आहे. मुख्य भूमीशी जोडणारा 'जमिनीचा' पट्टा हा हिमनदीचा बर्फच होता. आता मधून होड्या जातात. नंतरच्या उसळीतही हिमनदीनं ते बेट पुन्हा कवेत घेतलं नाही.

उसळीचा घोळ टाळायचा तर हिमनदीचा जमाखर्च बघावा लागतो. नी-ऑलेसुंडपासून चालत जाता येईल अशा दोन छोट्या हिमनद्यांवर, औस्त्रे ब्रॉगरब्रेन आणि मिद्रे लोवेनब्रेन यांच्यावर, नॉर्वेचे संशोधक १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हे काम करत आहेत. बर्फात खोल भोकं पाडून ॲल्युमिनियमचे खांब रोवतात. वसंतात हिवाळ्याचं हिम किती साचलं ते मोजतात, उन्हाळा सरताना खांब किती उघडा पडला ते मोजतात. जमा वजा खर्च. जगात इतक्या उत्तरेला इतका जुना सलग हिशेब फार थोड्या ठिकाणी आहे, आणि त्यात जवळजवळ प्रत्येक वर्ष तोट्याचं आहे. खांबांची ही रांग दिसायला अगदी सामान्य असते, तिचा फोटो कुणी काढत नाही. माझ्या मते काँग्सफ्योर्डच्या काठावर हवामानबदलाचा याहून भक्कम पुरावा नाही.

आता पाण्याकडे वळतो, कारण माझं मन तिथं आहे. युरोपच्या किनाऱ्यानं उत्तरेकडे जाणाऱ्या उबदार अटलांटिक प्रवाहाची एक शाखा स्वालबार्डच्या पश्चिमेकडून जाते. पूर्वी हिवाळ्यात खाडीचं पाणी आणि हा प्रवाह बऱ्यापैकी वेगळे राहत. खाडीतलं पाणी थंड होई, उणे १.९ अंशाच्या आसपास समुद्राचं पाणी गोठतं, आणि काँग्सफ्योर्डचा मोठा भाग वसंतापर्यंत बर्फानं झाकलेला असे. २००५-०६ च्या हिवाळ्यात वाऱ्यांची दिशा अशी राहिली की अटलांटिकचं पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यावर चढलं आणि खाडीत घुसलं. खाडी नीट गोठली नाही. असं एखाद्या वर्षी होऊ शकतं असं तेव्हा वाटलं होतं. पण त्यानंतर चित्र पालटलंच. आता खाडीचा बाहेरचा आणि मधला भाग बहुतेक हिवाळे उघडाच राहतो, बर्फ धरला तर आतल्या कोपऱ्यात आणि पातळ. तिथली वलयांकित सील (रिंग्ड सील) मादी खाडीच्या बर्फावर साचलेल्या हिमात बीळ करून पिल्लू घालते. बर्फ नसेल किंवा त्यावर पुरेसं हिम नसेल, तर पिल्लू उघड्यावर पडतं, आणि अस्वल, कोल्हा, मोठे समुद्रपक्षी कुणीही त्याला उचलतं.

हे सगळं कळतं ते खाडीत बुडवून ठेवलेल्या उपकरणांमुळे. भारतानं जुलै २०१४ मध्ये काँग्सफ्योर्डमध्ये 'इंडआर्क' नावाची वेधशाळा पाण्याखाली उतरवली. सुमारे १९२ मीटर खोल तळावर जड नांगर, त्याला उभा दोर, दोरावर वेगवेगळ्या खोलीला तापमान आणि क्षारता टिपणारी उपकरणं आणि दोर ताठ राहावा म्हणून तरंगते गोळे. वर पृष्ठभागावर काहीच दिसत नाही. उन्हाळ्यात होडी नेमक्या जागी न्यायची, पाण्यातून ध्वनिसंकेत पाठवायचा, खाली कडी सुटते आणि गोळे भसकन वर येतात. मग एक वर्षाची माहिती हातात पडते, त्यात चार महिन्यांचा काळोखही आला. अशा आलेखांत भर हिवाळ्यात खालच्या थरात शून्याच्या वरचं पाणी दिसतं तेव्हा कड्यांचं गणित उलगडतं. क्रोनेब्रेन ही खाडीच्या टोकाची वेगवान हिमनदी. तिच्यावर आणि स्वालबार्डच्या आणखी दोन हिमनद्यांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कडा तुटण्याचा वेग हवेच्या तापमानापेक्षा पाण्याखालच्या तापमानाशी जास्त जुळतो, असं त्यात आढळलं. म्हणून हा वेग भर उन्हाळ्यात नव्हे, शरदात सर्वाधिक असतो. त्या वेळी हवा गार झालेली असते, पण समुद्रात साठलेली ऊब शिल्लक असते. ऑक्टोबरात तिथं पर्यटकांची जहाजं जवळपास नसतातच.

आणि हिवाळा. आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापला आहे, आणि स्वालबार्ड त्यातल्या सर्वांत वेगानं तापणाऱ्या भागांपैकी आहे. या वाढीचा मोठा वाटा हिवाळ्याचा. ताजं हिम सूर्यप्रकाशाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परत फेकतं, उघडा समुद्र जेमतेम सहा-सात टक्के. हे कारण पाठ्यपुस्तकात असतं आणि ते खरंच आहे. पण हिवाळ्यात तिथं ऊनच नसतं, मग वाढ हिवाळ्यात जास्त का? कारण समुद्री बर्फ हे झाकणही आहे. झाकण नसलं की उन्हाळाभर पाण्यानं शोषलेली उष्णता सगळा हिवाळा हवेत जात राहते. शिवाय ध्रुवावर थंड, जड हवा जमिनीलगत बसून राहते, त्यामुळे वाढलेली ऊब वर पसरण्याऐवजी खालीच अडकते.

याचा अर्थ काय होतो ते नी-ऑलेसुंडच्या नोंदीत पाहा. १९६१ ते २००१ या काळात तिथल्या फेब्रुवारीची सरासरी उणे १५ अंश होती. २०२५ च्या फेब्रुवारीत ती उणे ३.३ अंश भरली. पाऊस पडत होता, हिम वितळून पाण्याची तळी साचली होती, आणि हिमाचे नमुने घ्यायला गेलेल्या संशोधकांना ओली जमीन उघडी सापडली. जानेवारी २०१२ च्या अखेरीस याच वस्तीत एका दिवसात ९८ मिलिमीटर पाऊस झाला होता. कोकणात एवढा पाऊस जुलैत कुणाच्या खिजगणतीतही येणार नाही. पण तो ध्रुवीय रात्रीत हिमावर पडतो, झिरपून जमिनीपाशी गोठतो आणि गवत-शेवाळ्यावर काचेसारखा थर बसतो. रेनडिअर पायानं हिम उकरू शकतो, तो थर फोडू शकत नाही. वसंतात त्यांची कलेवरं सापडतात. भारतानंही आता हे ओळखलं आहे: हिमाद्री पूर्वी मुख्यतः उन्हाळ्यात चालायचं, डिसेंबर २०२३ पासून तिथं हिवाळी मोहिमाही सुरू झाल्या. आपल्याकडून झालेल्या ध्रुवीय निर्णयांत मला हा सर्वांत शहाणा वाटतो.

जमिनीबद्दल थोडक्यात. लाँगइयरब्येन या स्वालबार्डच्या मुख्य गावात घरं खांबांवर उभी आहेत, कारण खालची माती कायम गोठलेली आहे, म्हणजे निदान असायला हवी. तिथल्या डोंगरात २००८ मध्ये उघडलेलं जागतिक बियाणं भांडार आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेनं पाठवलेलं ज्वारी-बाजरी, तूर, हरभऱ्याचं बियाणंही त्यात आहे. २०१६ च्या शरदात अवेळी पाऊस आणि वितळ झाली आणि पाणी प्रवेश-बोगद्यात शिरून गोठलं. बियाण्यापर्यंत ते पोचलं नाही, पण कायमच्या गोठणीवर भरवसा ठेवून बांधलेला तो बोगदा पुढे जलरोधक काँक्रीटनं नव्यानं बांधावा लागला. भांडार आतून पाहता येत नाही, दार बाहेरून बघता येतं.

अस्वलांबद्दल मुलं हमखास विचारतील. एखादं हाडं दिसणारं अस्वल भेटलं तर त्याला हवामानबदलाचा साक्षीदार करू नका. म्हातारं, आजारी किंवा जखमी अस्वल पूर्वीही हाडकुळं असायचं. स्वालबार्डच्या भोवतीचा समुद्री बर्फ झपाट्यानं घटूनही तिथल्या अस्वलांची संख्या घसरल्याचा स्पष्ट पुरावा अजून नाही. ती आता जमिनीवर जास्त काळ काढतात, रेनडिअर मारतात, पक्ष्यांची अंडी फस्त करतात. हे असंच चालेल अशी खात्री कुणी देऊ शकत नाही, पण आज जे आहे ते तसंच सांगितलं पाहिजे. २०२५ पासून अस्वलापासून ३०० मीटर लांब राहण्याचा नियम आहे, मार्च ते जून ५०० मीटर. तुमच्या जहाजानं तो पाळला नाही तर तिथल्या तिथं हरकत घ्या.

हुशार विद्यार्थी आणखी एक प्रश्न विचारेल, आणि तो टाळू नका: तिथं पूर्वीही गरम होतंच ना? हो, होतं. २००४ मध्ये स्वालबार्डमध्ये निळे शिंपले सापडले, गोव्यात आपण शिणाणे खातो त्यांचेच भाऊबंद. सुमारे हजार वर्षं ते तिथून नाहीसे झाले होते, आणि त्याआधी होते याचा पुरावा जुन्या थरांतल्या कवचांत आहे. त्याहून मागे, नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी, तिथलं पाणी आजच्याइतकं किंवा आजच्याहून उबदार होतं. त्या वेळचं कारण माहीत आहे: पृथ्वीच्या आसाचा कल आणि कक्षा अशी होती की उत्तरेला उन्हाळ्यात जास्त ऊन मिळत होतं. तो बदल हजारो वर्षांच्या संथ गतीनं आला आणि गेला. त्याच हिशेबानं आज आर्क्टिक हळूहळू थंड होत जायला हवा होता. तो उलटा तापतोय, आणि तेही एका माणसाच्या आयुष्यात.

कारण बघायचं तर नी-ऑलेसुंडच्या मागच्या डोंगराकडे मान वर करा. ४७४ मीटर उंचीवर झेपेलिन वेधशाळा आहे. तिथं कारखाने नाहीत, गाड्यांचा धूर नाही, संशोधक केबलकारनं वर जातात. २०१२ च्या वसंतात तिथं कार्बन डायऑक्साइडनं दर दहा लाख भागांत ४०० चा आकडा ओलांडला, आता तो ४२० च्या पुढे गेला आहे. अंटार्क्टिकात 'डोम सी' इथं काढलेल्या बर्फाच्या गाभ्यात आठ लाख वर्षांची हवा बुडबुड्यांत अडकलेली मिळाली. त्या संपूर्ण काळात, किती हिमयुगं आली-गेली तरी, हा आकडा साधारण १८० ते ३०० च्या मध्येच राहिला होता. पूर्वीही गरम होतं म्हणणाऱ्यापुढे हे दोन आकडे ठेवावेत.

आता समुद्राच्या पातळीकडे येतो, कारण तिथून आपला किनारा दूर नाही. तरंगता समुद्री बर्फ वितळल्यानं पातळी जवळजवळ वाढत नाही. जमिनीवरचा बर्फ समुद्रात आला की वाढते. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण ग्रीनलँडच्या बर्फाचं वस्तुमान इतकं प्रचंड आहे की ते भोवतालचा समुद्र गुरुत्वाकर्षणानं स्वतःकडे ओढून धरतं. बर्फ घटला की ही ओढ सैल होते आणि पाणी दूर सरकतं. शिवाय वजन कमी झाल्यानं जमीन वर उचलली जाते. स्वालबार्डवरच्या बर्फाचंही तसंच, नी-ऑलेसुंडची जमीन वर्षाला ८ ते १० मिलिमीटर वर येते, त्यामुळे तिथल्या धक्क्यावर समुद्राची पातळी चक्क घटताना दिसते. जगाची सरासरी पातळी मात्र वर्षाला सुमारे ४ मिलिमीटरनं वाढते आहे, आणि ग्रीनलँडच्या पाण्याचा वाटा त्याच्यापासून दूर असलेल्या उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांना सरासरीपेक्षा थोडा जास्तच येतो. बर्फ वितळतो तिथला मच्छीमार पाण्याला घाबरत नाही. घाबरायचं ते वर्सोव्याच्या, देवबागच्या, मोरजीच्या माणसानं. पावसाचा संबंधही अभ्यासला जातो आहे: गोव्याच्या केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ घटणं आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी यांच्यात शक्य असलेला दुवा मांडला. दुवा शक्य आहे, सिद्ध झालेला नाही, आणि वर्गात सांगताना हा फरक गाळू नका.

जावं की न जावं? २०१६ च्या एका अभ्यासानं समुद्री बर्फाची घट आणि एकूण उत्सर्जन यांचा सरळ संबंध मोजला. एक टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरमधला सुमारे ३ चौरस मीटर बर्फ जातो. मुंबईहून स्वालबार्डला जाऊन यायचं म्हणजे एका माणसामागे साधारण दोन टन, जहाजाचं इंधन वेगळं. दोघांचा मिळून एका मोठ्या खोलीएवढा बर्फ. मी स्वतः कामासाठी गेलो, तेव्हा तुम्हाला जाऊ नका म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण केवळ 'वितळण्याआधी बघून घेऊ' म्हणून जाणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे, जाऊ नका. शिकवण्यासाठी जाणार असाल, आणि त्या एका प्रवासातून पुढची अनेक वर्षं वर्ग चालवणार असाल, तर जा. मोठ्या जहाजाऐवजी लहान निवडा, आणि लाँगइयरब्येनचं संग्रहालय चुकवू नका.

नी-ऑलेसुंडला उतरायला मिळालं तर आधीच मोबाइल, वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद करा. तिथली रेडिओ दुर्बीण दूरच्या खगोलीय स्रोतांचे अतिक्षीण संकेत टिपते, म्हणून अख्ख्या परिसरात रेडिओशांतता पाळतात. फोटो काढाल तेव्हा तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश लिहून ठेवा, आणि कडा एकटा घेण्यापेक्षा मागचा डोंगरमाथा चौकटीत येऊ द्या. माथा हलत नाही, त्यामुळे जुन्या फोटोशी तुलना करता येते.

वर्गासाठी मात्र फोटोंहून मोलाचं सामान घरबसल्या फुकट मिळतं. स्वालबार्डच्या तापमानाची मालिका १८९८ पर्यंत मागे जाते आणि नॉर्वेच्या हवामान संस्थेकडे ती खुली आहे. मुंबईत अपोलो बंदरावरच्या भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची आहे. ती आणि नी-ऑलेसुंडची, दोन्ही समुद्रपातळीच्या लिव्हरपूलच्या जागतिक नोंदसंग्रहात मिळतात. नववीच्या मुलांना हे दोन आलेख एकाच कागदावर हातानं काढायला लावा, एक चढता निघेल, एक उतरता. का, ते त्यांना स्वतः शोधू द्या, वितळत्या बर्फाचं उत्तर लगेच सांगू नका.